बी, भुंगेरा आणि बंगळुरू : एका नोंदीचा अडीचशे वर्षांचा इतिहास

‘भुंगेऱ्याची नवी प्रजाती सापडली’ अशी बातमी आपल्या वाचनात अधूनमधून येते. एक छायाचित्र, एक लॅटिन नाव, संशोधकांच्या संस्थेचा उल्लेख आणि शेवटी एखादे वाक्य : ‘या भुंगेऱ्याची अळी अमुक वनस्पतीच्या बियांत वाढते.’ वाचक छायाचित्र पाहतो, नाव उच्चारून पाहतो आणि पुढे जातो. त्या शेवटच्या वाक्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. या लेखात त्याच वाक्याचा इतिहास सांगायचा आहे. बियांत राहणाऱ्या भुंगेऱ्यांच्या बाबतीत ते वाक्य म्हणजे शोधाचा अर्धा भाग असतो. ते चुकले तर नाव टिकते, पण ज्ञान फसते. आणि अशी फसगत गेल्या अडीचशे वर्षांत अनेकदा झालेली आहे. या इतिहासातील एक महत्त्वाचे आणि आज बहुतेकांच्या विस्मरणात गेलेले प्रकरण बंगळुरूत घडले.

हे भुंगेरे आपल्याला परके नाहीत. मूग, मटकी, चवळी किंवा हुलग्यांचा डबा पावसाळ्यात बरेच दिवस उघडला नाही, की दाण्यांवर पांढरे ठिपके दिसू लागतात. पुढे दाण्यांना गोल भोके पडतात आणि डब्याच्या तळाशी तपकिरी, तुरुतुरु पळणारे किडे आढळतात. ‘कडधान्याला भुंगा लागला’ असे म्हणून आपण ते चाळतो, पाखडतो, उन्हात घालतो. शास्त्रीय वर्गीकरणात हे किडे ब्रुकिनी या उपकुलात मोडतात. पाने खाणाऱ्या भुंगेऱ्यांच्या क्रायसोमेलिडी या विशाल कुलाची ती एक शाखा आहे. जगभरात यांच्या सुमारे १,७०० प्रजातींची नोंद झाली आहे. त्यांतील बहुसंख्य प्रजाती शेंगवर्गीय वनस्पतींच्या बियांवर जगतात. डब्यात येणाऱ्या प्रजाती मोजक्याच आहेत. बाकीच्या रानातल्या शेंगांत, आपल्या नकळत, पिढ्यान्‌पिढ्या नांदत असतात.

यांचे आयुष्य बीभोवती किती घट्ट गुंफलेले असते, हे आधी पाहू. मादी शेंगेवर किंवा थेट दाण्यावर एकेक अंडे चिकटवते. अंड्यातून निघणारी अळी बाहेर येतच नाही. अंड्याच्या तळातून ती सरळ दाण्यात शिरते. पोखरताना निघणारा भुसा मागच्या रिकाम्या कवचात साठतो आणि ते कवच पांढरे दिसू लागते. आपल्याला दिसणारा पांढरा ठिपका तो हाच. आत अळी दाणा खाऊन वाढते, कात टाकते आणि शेवटी सालीच्या अगदी जवळ येऊन कोषात जाते. साल तेथे पातळ होऊन एक गोल खिडकी तयार होते. प्रौढ भुंगेरा ती खिडकी झाकणासारखी ढकलून बाहेर पडतो. उबदार हवेत हे सारे चक्र तीन-चार आठवड्यांत पुरे होते. साठवणीतल्या प्रजातींचा प्रौढ किडा तर काही न खाताही अंडी घालू शकतो, कारण लागणारी शिदोरी अळीने दाण्यातच जमवलेली असते. म्हणजे अळीचे घर, अन्न आणि पाळणा हे सर्व एकच बी. ज्या वनस्पतीच्या बीमध्ये अळी वाढते तिला शास्त्रात ‘यजमान वनस्पती’ म्हणतात. मराठीतील हा शब्द येथे जरा क्रूरच ठरतो, कारण हा पाहुणा यजमानाचे मूलच खाऊन निघून जातो.

आता इतिहासाकडे वळू. १७४८ मध्ये पेर काल्म हा स्वीडिश निसर्ग-अभ्यासक उत्तर अमेरिकेत गेला. तो कार्ल लिनियसचा शिष्य होता. स्वीडनच्या थंड हवेत रुजतील अशा उपयुक्त वनस्पती शोधून आणणे, हे त्याचे काम होते. पेनसिल्व्हेनिया आणि आसपासच्या वसाहतींत त्याला एक विचित्र गोष्ट कळली : एका किड्यामुळे तेथील लोकांनी वाटाण्याची शेतीच सोडून दिली होती. परतताना काल्मने वाटाण्याच्या बियांची एक पुडी बरोबर आणली. १७५१ च्या ऑगस्टमध्ये स्टॉकहोममध्ये ती उघडली तेव्हा त्याला दिसले, की सारे दाणे पोकळ झाले आहेत आणि दाण्यादाण्यातून किडे डोके बाहेर काढत आहेत. विषारी साप पाहून वाटले नसते इतके भय आपल्याला तेव्हा वाटले, असे त्याने प्रवासवर्णनात नमूद केले आहे. त्याने पुडी घाईघाईने बंद केली. आपण आपल्या देशात एक संकट सोडणार होतो, हे त्याच्या ध्यानात आले होते.

ही हकीकत केवळ रंजक नाही. बीबरोबर भुंगेरा समुद्र ओलांडतो, हे त्या एका पुडीने दाखवून दिले. पुढे १७५८ मध्ये लिनियसने आपल्या ‘सिस्टेमा नॅच्युरी’च्या दहाव्या आवृत्तीत प्राण्यांची द्विनाम पद्धतीने मांडणी केली. तीत वाटाण्यातला भुंगेरा आहे. त्याच्या नावातील ‘पायसोरम’ म्हणजे वाटाण्याचा. त्याच ग्रंथात आपल्या कडधान्यांतला एक नेहमीचा भुंगेराही आहे. त्याला लिनियसने ‘चिनेन्सिस’, म्हणजे चीनचा, असे नाव दिले. आज त्याला कॅलोसोब्रुकस चिनेन्सिस म्हणतात. पहिल्या नावात वनस्पती आहे, दुसऱ्यात देश. पहिल्या नावाने शेतकऱ्याला काही सांगितले. दुसऱ्याने त्या बिया कोणत्या दिशेने आल्या एवढेच सुचवले. मूग, हरभरा, तूर, हुलगे यांवर जगणाऱ्या आणि आशियाभर पसरलेल्या किड्याच्या कपाळी ‘चीनचा’ ही मुद्रा कायमची बसली.

तिसरे नाव याहून बोलके आहे. १७६७ मध्ये लिनियसने बियांतील भुंगेऱ्यांसाठी ‘ब्रुकस’ हा स्वतंत्र वंश योजला आणि त्याच वर्षी एका प्रजातीला ‘थिओब्रोमी’ असे नाव दिले. थिओब्रोमा म्हणजे कोकोचे झाड, ज्याच्या बियांपासून चॉकलेट होते. ते झाड मूळचे उष्णकटिबंधीय अमेरिकेचे. पण कॅलोसोब्रुकस थिओब्रोमी या नावाने आज ओळखला जाणारा भुंगेरा दक्षिण आशियातला आहे आणि तो वाढतो पावटा, तूर यांसारख्या शेंगवर्गीय पिकांच्या दाण्यांत. त्या काळी बिया जहाजांतून येत, हातोहात फिरत आणि पुड्यांवरची नावे ज्याला जशी सुचतील तशी लिहिली जात. अशा व्यवहारात किडा खरा आणि वनस्पती खोटी, असा प्रकार सहज घडतो. नामकरणाचे नियम मात्र कठोर आहेत. एकदा रीतसर प्रसिद्ध झालेले नाव केवळ ते दिशाभूल करते म्हणून बदलता येत नाही. त्यामुळे पावट्यातला हा किडा कोकोचे नाव कायमचे वागवीत आहे.

पावट्याचा विषय निघाला की बंगळुरूला जाणे भागच आहे. वालाचे बिरडे आणि पावट्याची उसळ खाणाऱ्या मराठी माणसाला तेथील ‘अवरेकाळु’ परका वाटू नये, कारण ही एकाच वनस्पतीची, लॅबलॅब पर्प्युरिअसची, रूपे आहेत. हिवाळ्यात बंगळुरूच्या बाजारात या शेंगांचे ढीग लागतात, सोललेल्या दाण्यांच्या राशी मांडल्या जातात आणि अवरेच्या पदार्थांचा मेळाही भरतो. शेंगेच्या तेलकट सालीला येणाऱ्या विशिष्ट वासावरून तेथील गृहिणी ती पारखून घेतात. शहराच्या नावाची प्रसिद्ध आख्यायिकाही दाण्यांचीच आहे. शिकारीत वाट चुकलेल्या होयसळ राजा वीर बल्लाळाला एका वृद्धेने उकडलेले दाणे खाऊ घातले, म्हणून ते गाव ‘बेंदकाळूरु’, उकडलेल्या दाण्यांचे गाव, झाले, असे सांगतात. गोष्ट गोड आहे, पण शहराच्या हद्दीतील बेगूर येथे सुमारे इ. स. ८९० चा गंगकालीन शिलालेख आहे आणि त्यात ‘बेंगळूरु’ हे नाव स्पष्ट कोरलेले आहे. होयसळ घराण्याचा उदयही तेव्हा झालेला नव्हता. म्हणजे शहराचे नाव दाण्यांवरून पडल्याची गोष्ट मागाहून रचली गेली.

या दोन नावांना एकाच कसोटीवर घासून पाहता येते. भुंगेऱ्याच्या नावात कोको आहे, शहराच्या नावाच्या गोष्टीत पावटा आहे, आणि दोन्ही ठिकाणी बी चुकीची आहे. एकाचा उलगडा शिलालेखाने केला, दुसऱ्याचा शेतातून आणलेल्या शेंगांनी. नाव कितीही जुने असले, तरी पुरावा पाहिल्यावाचून त्यावर विश्वास ठेवू नये, हा धडा इतिहासकाराला आणि कीटकशास्त्रज्ञाला सारखाच लागू आहे.

किड्याचे नाव बरोबर असूनही वनस्पतीचे नाव चुकू शकते, याचे उदाहरण आपल्या हुलग्यात आहे. भारतातील शेतीच्या जुन्या ग्रंथांत आणि किडींच्या नोंदींत हुलग्याला ‘डॉलिकॉस बायफ्लोरस’ म्हटलेले आढळते. पण लिनियसने ज्या वनस्पतीला हे नाव दिले होते, ती हुलगा नव्हतीच. ती चवळीच्या प्रजातीतली होती. क्यू येथील वनस्पतिशास्त्रज्ञ बर्नार्ड व्हर्डकोर्ट यांनी हा गुंता सोडवला आणि १९७० मध्ये हुलग्याचे मॅक्रोटायलोमा युनिफ्लोरम हे आजचे नाव प्रस्थापित झाले. म्हणून जुन्या कागदात ‘हा भुंगेरा डॉलिकॉस बायफ्लोरसवर आढळला’ असे वाचले, की आज प्रश्न पडतो : हुलग्यावर की चवळीवर? त्या वनस्पतीची फांदी, शेंग, फूल वाळवून ठेवलेले असेल तरच उत्तर देता येते. नुसत्या नावावर विसंबलेली नोंद नावाबरोबरच डळमळते.

आता त्या बंगळुरूच्या प्रकरणाकडे येऊ. विसाव्या शतकाच्या आरंभी म्हैसूर संस्थानाने शेतीच्या शास्त्रीय संशोधनाला हात घातला होता. १९०८ मध्ये लेस्ली कोलमन हे कॅनडाचे शास्त्रज्ञ कीटक आणि बुरशी या दोन्ही विषयांचे तज्ज्ञ म्हणून संस्थानच्या सेवेत आले. त्यांच्या हाताखाली कुन्ही कण्णन हे कण्णूरचे तरुण कीटकशास्त्रज्ञ काम करू लागले. पुढे त्यांनी अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात शिक्षण घेतले आणि म्हैसूर संस्थानाच्या कीटकशास्त्रज्ञाच्या पदावर पोहोचणारे ते पहिले भारतीय ठरले.

१९२३ मध्ये म्हैसूरच्या शेती खात्याने कण्णन यांची एक छोटी पुस्तिका प्रसिद्ध केली. विषय वरवर पाहता अगदी किरकोळ होता : बियांतील भुंगेऱ्याच्या नवजात अळीच्या डोक्यामागे, वक्षाच्या पहिल्या खंडावर, दात असलेली एक कठीण पट्टी असते, ती कशासाठी? ही पट्टी फक्त पहिल्या अवस्थेत असते. पहिली कात टाकली की ती नाहीशी होते. म्हणजे तिचे काम आयुष्याच्या पहिल्या काही तासांपुरतेच असले पाहिजे, आणि त्या तासांत अळी एकच काम करते : कठीण सालीला भोक पाडून दाण्यात शिरणे. भिंतीत खिळा ठोकताना आपण पाय घट्ट रोवतो. एक मिलिमीटरहूनही लहान अळीने सालीत जबडे रुतवायचे, तर तिला मागून टेकू हवा. नाहीतर जोर लावताच तीच मागे सरकेल. मादीने दाण्याला चिकटवलेले अंड्याचे कवच आणि अळीच्या मानेमागील ही दातेरी पट्टी, यांच्या जोडीतून तो टेकू मिळतो. कण्णन यांनी पुस्तिकेच्या शीर्षकातच या कामाला अनुकूलनाचा अभ्यास म्हटले आहे. मृत नमुन्यांना टाचणी टोचून त्यांचे वर्णन करण्याच्या त्या काळात, एका अवयवाचा आकार त्याच्या कामावरून समजून घेण्याची ही दृष्टी होती. आजही बियांतील भुंगेऱ्यांच्या अळ्यांचे वर्णन करताना ही पट्टी पाहिली जाते, आणि जगभरचे अभ्यासक या विषयाच्या इतिहासात मागे जातात तेव्हा बंगळुरूच्या त्या पुस्तिकेपाशी येतात.

त्या शीर्षकात आणखी एक ऐतिहासिक खूण आहे. कण्णन यांनी या किड्यांसाठी ‘मायलॅब्रिड’ हा शब्द वापरला आणि कंसात ‘ब्रुकिड’ असे लिहिले. कारण तेव्हा या गटाच्या नावाचाच वाद चालू होता. लिनियसच्या ‘ब्रुकस’आधी, १७६२ मध्ये, जॉफ्रवा या फ्रेंच अभ्यासकाने या किड्यांना ‘मायलॅब्रिस’ म्हटले होते. आणि १७७५ मध्ये फॅब्रिसियसने तेच नाव अंगावर फोड उठवणाऱ्या अगदी वेगळ्या भुंगेऱ्यांना दिले. एका नावाचे दोन धनी झाले. शेवटी ‘ब्रुकस’ बियांतील भुंगेऱ्यांकडे राहिले आणि ‘मायलॅब्रिस’ फोड उठवणाऱ्यांकडे गेले. पण मधल्या काळातला संशोधक कोणत्या किड्याविषयी बोलत आहे, हे कळण्यासाठी असे कंस फार उपयोगी पडतात.

कण्णन यांचे दुसरे काम तर आपल्या स्वयंपाकघरापर्यंत येते. धान्यात थोडा पारा ठेवला की कीड लागत नाही, अशी जुनी समजूत आपल्याकडे होती. ती भाबडी म्हणून झटकून न टाकता त्यांनी प्रयोग केले, आणि पाऱ्याचा कीटकनाशक म्हणून होणारा उपयोग १९१९ मध्ये बिहारमधील पुसा येथे भरलेल्या कीटकशास्त्र परिषदेत मांडला. पाऱ्याचा परिणाम प्रौढ किड्यावर नव्हे, तर अंड्यांवर होतो. त्याच्या वाफेने अंड्यांची वाढ थांबते आणि पुढची पिढीच निपजत नाही. धान्याच्या डब्यात कापडात गुंडाळून ठेवायच्या ‘पारद टिकड्या’ अनेकांना आठवत असतील. त्यामागची कल्पना हीच. पाऱ्याची वाफ माणसालाही घातक असते, हे आज ठाऊक असल्याने हा उपाय अनुकरणीय नाही. पण लोकरीतीची चिकित्सा करून तिच्यातले कार्यकारण शोधण्याची पद्धत मात्र आजही अनुकरणीय आहे.

शतकाच्या मध्यास पुन्हा एकदा ओळखीचा प्रश्न उभा राहिला. कॅलोसोब्रुकस मॅक्युलेटस आणि कॅलोसोब्रुकस अ‍ॅनालिस हे चवळी-मुगातले दोन भुंगेरे दिसायला इतके सारखे, की दोघांची नावे सर्रास एकमेकांच्या जागी वापरली जात होती. त्यात भर म्हणजे मॅक्युलेटसची दोन रूपे असतात : साठवणीत स्वस्थ राहणारे आणि दाटी झाली की उडून जाणारे. एकाच प्रजातीची ही दोन रूपे रंगाने वेगळी दिसतात. १९५७ मध्ये साउथगेट, हाउ आणि ब्रेट या ब्रिटिश संशोधकांनी दोन्ही प्रजाती स्पष्टपणे वेगळ्या करून दाखवल्या. त्यापूर्वीच्या अनेक प्रयोगांत नेमका कोणता किडा होता, हा संशय मात्र उरलाच. भारतात जी. एल. अरोरा यांनी १९७७ मध्ये वायव्य भारतातील बियांच्या भुंगेऱ्यांचा वर्गीकरणात्मक आढावा प्रसिद्ध केला आणि त्यानंतर अळ्यांचाही स्वतंत्र विचार केला. त्या कामाला आजही आधारग्रंथाचे स्थान आहे.

एवढ्या ठेचा लागल्यानंतर नव्या प्रजातीच्या वर्णनाची आजची रीत घडली आहे. संशोधक जंगलातून पक्व शेंगा गोळा करतो. ज्या झाडाच्या शेंगा, त्याच झाडाची फुलाफळासह फांदी वाळवून वनस्पतिसंग्रहात ठेवली जाते. म्हणजे उद्या वनस्पतीचे नाव बदलले, तरी पुरावा हाताशी राहतो. शेंगा बरणीत ठेवून तोंडाला कापड बांधतात आणि बरणीवर ठिकाण, तारीख, झाड यांची चिठ्ठी लावतात. मग वाट पाहायची, कधी आठवडे, कधी महिने. बरणीतून भुंगेरे निघतात, त्यांच्या अळ्यांवर जगणाऱ्या इवल्या गांधीलमाश्याही निघतात. प्रौढ भुंगेऱ्याची शिंगे, मागच्या मांडीवरचे दात, पंखकवचांबाहेर उघडा राहणारा पोटाचा शेवटचा भाग, हे सारे सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. बाह्यरूप फसवे असते, म्हणून नराची जननेंद्रिये काढून, स्वच्छ करून तपासतात; बहुतेक वेळा निर्णायक फरक तेथेच सापडतो. अलीकडे डीएनएचा एक ठरावीक तुकडाही वाचला जातो. एक नमुना ‘होलोटाइप’ म्हणून निवडला जातो. पुढे कितीही वाद झाले, तरी ते नाव त्या एका वाळलेल्या किड्याशी बांधलेले राहते.

या सगळ्यात बरणीचे महत्त्व सर्वांत मोठे. फुलावर बसलेला भुंगेरा पकडला, म्हणून ते झाड त्याचे यजमान ठरत नाही. तो तेथे नुसता परागकण खायला आलेला असू शकतो. बीमधून किडा बाहेर पडताना पाहिला तरच साक्ष पक्की. ही साक्ष किती मोलाची असते, हे डॅनियल जॅन्झन यांनी मध्य अमेरिकेतील कोस्टा रिकामध्ये दाखवले. तेथील पानझडी जंगलातून त्यांनी वर्षानुवर्षे शेकडो वनस्पती-प्रजातींच्या बिया गोळा करून बरण्यांत ठेवल्या. १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार बियांतून सुमारे ११० प्रजातींचे भुंगेरे निघाले आणि त्यांतील तीन-चतुर्थांश प्रजाती एकेकाच वनस्पतीला बांधलेल्या होत्या. याचा अर्थ गंभीर आहे. असे एक झुडूप एखाद्या टेकडीवरून नाहीसे झाले, तर त्याच्याबरोबर त्याचा भुंगेराही जातो आणि त्या भुंगेऱ्यावर जगणारी गांधीलमाशीही. बऱ्याचदा कोणी त्यांना नाव देण्याआधीच.

उलट, काही भुंगेरे घर बदलतात, आणि तेव्हा माणसाला त्याची किंमत मोजावी लागते. चिंचोक्यात राहणारा कॅरिडॉन सेराटस हा भुंगेरा आपल्याकडे चिंचेच्या झाडाखाली सहज सापडतो. भुईमूग मूळचा दक्षिण अमेरिकेचा. या किड्याची आणि त्याची पूर्वी गाठ पडलेली नव्हती. परंतु पश्चिम आफ्रिकेत भुईमुगाची मोठी शेती सुरू झाल्यावर विसाव्या शतकात हाच भुंगेरा साठवलेल्या शेंगांची मोठी कीड बनला. न्यूझीलंडमध्ये याउलट माणसाने मुद्दाम भुंगेरा सोडला. ब्रूम नावाचे युरोपीय झुडूप तेथे तण बनून माजले होते. त्याच्या बिया खाणारा ब्रुकिडियस व्हिलोसस हा भुंगेरा चाचण्या घेऊन १९८० च्या दशकात आणला गेला. टॅगासास्ते या चाऱ्याच्या झाडाला त्याच्यापासून धोका नाही, असे चाचण्यांत वाटले होते. प्रत्यक्षात तो पुढे त्या झाडाच्या शेंगांतही सापडला. ‘अमुक वनस्पतीच्या बियांत वाढते’ या वाक्यात ‘फक्त’ हा शब्द घालण्यापूर्वी किती पुरावा लागतो, हे त्यावरून कळते.

याच वाक्याची उजळ बाजूही आहे. १९८० च्या दशकात जपानी संशोधकांना मादागास्करमधून गोळा केलेल्या रानमुगाच्या एका वाणात भुंगेऱ्यांना जवळजवळ पूर्ण प्रतिकार आढळला : किडे अंडी घालत, पण अळ्या दाण्यात वाढू शकत नसत. तो गुण लागवडीच्या मुगात संकराने आणण्याचे प्रयत्न त्यातून सुरू झाले. हा रानमूग आपल्या सह्याद्रीतही उगवतो. कोणत्या रानशेंगेत कोणता भुंगेरा वाढतो आणि कोणत्या शेंगेत वाढू शकत नाही, ही दोन्ही उत्तरे रानातच आहेत. ती वाचण्यासाठी किडा ओळखणारा आणि वनस्पती ओळखणारा, असे दोघे एका बरणीपाशी बसायला हवेत.

बंगळुरूत ही सोय आज इतर बहुतेक शहरांहून अधिक आहे. हेब्बाळ परिसरात १९६४ मध्ये स्थापन झालेले कृषी विज्ञान विद्यापीठ आहे. पावट्याच्या पिकावर आणि त्यातल्या थिओब्रोमी भुंगेऱ्यावर तेथे काम झाले आहे. जवळच राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्यूरो आहे आणि कीटकनमुने जपून ठेवणे हे त्याचे मुख्य काम आहे. भारतीय विज्ञान संस्थेत कर्नाटकातील वनस्पतींचा मोठा संग्रह आहे. १९९६ मध्ये सुरू झालेल्या एट्री या संस्थेतही कीटकांचा संग्रह उभा राहिला आहे. कीटक एका इमारतीत आणि त्यांची झाडे दुसऱ्या इमारतीत असली, तरी दोन्ही एकाच शहरात आहेत, ही लहान गोष्ट नव्हे. चिंता आहे ती माणसांची. बरणीपुढे महिनोन्‌महिने वाट पाहणारे, सूक्ष्मदर्शकाखाली मांडीवरचे दात मोजणारे वर्गीकरणतज्ज्ञ थोडे उरले आहेत, आणि ज्या माळरानांवर, तळ्याकाठी, टेकड्यांच्या उतारांवर त्या रानशेंगा वाढतात, त्या जागांवर शहर वेगाने पसरत आहे.

पेर काल्मने पुडी उघडली तेव्हा किडा त्याच्यासमोर होता आणि वाटाणाही. म्हणून त्याची नोंद आजही खरी आहे. कोकोचे नाव घेतलेल्या भुंगेऱ्यापाशी त्याचा दाणा नव्हता, म्हणून त्याचे नाव आजही खोटे बोलते. कुन्ही कण्णन यांनी किडा आणि दाणा एकत्र पाहिले, म्हणून एका पट्टीचा अर्थ त्यांना उमगला. नव्या प्रजातीची पुढची बातमी वाचाल, तेव्हा छायाचित्र जरूर पाहा. पण त्या शेवटच्या वाक्यापाशी थोडे थांबा. किडा कोणत्या बीमधून निघाला, कोणी पाहिला, आणि ते झाड आज त्या जागी उभे आहे का, हे तीन प्रश्न विचारा. त्यांची उत्तरे बातमीत असतील, तर शोध पुरा झाला असे समजायला हरकत नाही.